आजी, आज तारीख काय?



आज एका कागदाची हकीकत सांगायची आहे. कागद दवाखान्यातला. पाठपोट छापलेला, अक्षर बारीक, आणि शेवटी मार्क लिहायला एक चौकोन. गेल्या पावसाळ्यात आपल्या वाळूजच्या एका गटातली सून तो कागद घेऊन माझ्याकडे आली. तिच्या सासूबाईंना लकवा मारून तीन महिने झाले होते. डावा हात, डावा पाय हळूहळू सुधारत होता, बोलणं स्पष्ट होतं. पण फेरतपासणीला नेलं तेव्हा एका तरुण डॉक्टरांनी त्यांना बरेच प्रश्न विचारले आणि चौकोनात ३० पैकी १४ लिहिलं.

“ताई, तीसात चौदा म्हणजे नापासच ना?”

तेवढ्या आकड्यावर घरात बरंच काही घडून गेलं होतं. धाकट्या मुलानं कपाटाची किल्ली आईच्या कमरेची काढून घेतली होती. श्रावणबाळ योजनेचे पैसे यापुढे त्यांच्या हातात द्यायचे नाहीत, असं ठरलं होतं. आणि या सासूबाई म्हणजे गट सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या दहा बायकांपैकी एक. म्हणून सुनेचा खरा प्रश्न वेगळाच होता: “आत्याबाईंना आता गटातून काढावं लागेल का?”

मी म्हटलं, थांब. त्यांनी विचारलं काय आणि आत्याबाई बोलल्या काय, ते आधी सांग.

तर पहिला प्रश्न होता, “आजी, आज तारीख काय?” आत्याबाई म्हणाल्या, “तारखेचं पोरं बघतात बाबा मोबाइलात. आज चतुर्थी हाय, मला उपास हाय.” शून्य. “आपण कितव्या मजल्यावर आहोत?” त्यांना लिफ्टनं वर नेलं होतं. शून्य. “शंभरातून सात वजा करा, उरतील त्यातून परत सात, असं करत जा.” शून्य. “इथं काय लिहिलंय ते वाचा आणि तसं करा.” “एक वाक्य लिहा.” “हे चित्र बघून तसंच काढा.” पेन्सिल हातात दिली तर त्यांनी ती लाटण्यासारखी मुठीत धरली. शून्य, शून्य, शून्य.

आता तुम्हीच हिशेब करा. त्या कागदावर वजाबाकीला ५ मार्क आहेत, वाचायला १, लिहायला १, चित्राला १. म्हणजे शाळेची पायरी न चढलेल्या बाईचे ८ मार्क लकवा होण्याआधीच गेलेले. तारीख, साल आणि मजला यांचे आणखी ३ धरले तर ११. तीसातून अकरा गेले, उरले एकोणीस. आत्याबाईंना त्या एकोणिसात चौदा मिळाले होते! मग त्या नापास झाल्या की कागद?

उत्तर वाटतं तितकं सोपं नाही, ते पुढं सांगते. आधी हा कागद आला कुठून ते बघू.

म्हाताऱ्या माणसाची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती थोडक्यात तपासायची, असे कागद गेल्या पन्नासेक वर्षांत रुळले. १९७२ साली इंग्लंडमधल्या हॉडकिन्सन नावाच्या डॉक्टरांनी दहा प्रश्नांची एक यादी काढली. वय काय, जन्मतारीख काय, पहिलं महायुद्ध कोणत्या साली झालं, सध्या गादीवर राजा आहे की राणी आणि त्यांचं नाव काय, वीसपासून एकपर्यंत उलटं मोजा, असे प्रश्न. तिथल्या म्हाताऱ्यांना ते बरोबरच होते. त्यांच्या घरातली माणसं त्या युद्धात गेली होती. आपल्याकडे मात्र जन्मतारखेपासूनच घोडं अडतं. आपल्यातल्या ज्या शाळेत गेल्या, त्यांतल्या कित्येक जणींचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण गुरुजींनी शाळा उघडायच्या हिशेबानं तीच तारीख लिहून टाकली. आणि ज्या गेल्या नाहीत त्यांचं वय सांगायची रीत वेगळी. “रझाकाराच्या वक्ताला मी रांगत होते.” “बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होते, थोरला पोटात होता.” “किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सून नवी होती.” १९४८, १९७२, १९९३. साल एकही सांगितलं नाही, पण हिशेब पक्का. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या बाईची स्मरणशक्ती तपासायची असेल तर याहून चांगले प्रश्न मला सुचत नाहीत.

आत्याबाईंच्या हातात जो कागद दिला तो मात्र अमेरिकेतला. १९७५ साली मार्शल फोल्स्टीन, त्यांची बायको सुसान फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू या तिघा डॉक्टरांनी तो छापून प्रसिद्ध केला. नाव ठेवलं ‘मिनी मेंटल’. एकूण ३० मार्क, पाच-दहा मिनिटांत उरकणारा. काळ, वेळ आणि ठिकाण विचारायचं, तीन शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारायचे, वजाबाकी करायला लावायची, घड्याळ आणि पेन्सिल दाखवून नावं विचारायची, एकात एक अडकलेले दोन पंचकोन काढायला सांगायचे. त्याआधीच्या तपासण्या लांबलचक होत्या, आजारी माणूस थकून जायचा. म्हणून हा कागद डॉक्टरांना फार सोयीचा वाटला आणि बघता बघता जगभर गेला. बनवणाऱ्यांनी आपल्या दवाखान्यातल्या पेशंटचा विचार केला होता, आणि ते शाळा शिकलेले होते. पुढं तो कागद कोणाकोणाच्या हातात जाईल, हे त्यांच्या मनात असायचं कारण नव्हतं. (पुढं २००१ मध्ये त्याचे हक्क एका कंपनीकडे गेले आणि पूर्वी डॉक्टर मंडळी फुकट वापरायची त्या कागदाचे पैसे पडू लागले. तीन शब्द लक्षात ठेवा म्हणायलाही परवाना!)

त्याच सुमाराला दुसरी एक गोष्ट घडत होती, आणि ती आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी आहे. म्हातारपणी माणूस विसरायला लागला, भलतंच करायला लागला की आपल्याकडे शब्द तयारच असतात: म्हातारचळ लागला, साठी बुद्धी नाठी. मोठ्या डॉक्टरांचं मतही फार निराळं नव्हतं. वयानं मेंदूच्या रक्तवाहिन्या कडक होतात, मेंदूला रक्त कमी पडत जातं आणि बुद्धी हळूहळू वाळत जाते, असं बरीच वर्षं मानलं जायचं. म्हणजे इलाज काही नाही, वयच झालं. १९७४ मध्ये कॅनडाचे डॉक्टर व्लादिमिर हचिन्स्की आणि त्यांच्या सोबतच्यांनी हे खोडून काढलं. त्यांचं म्हणणं असं, की रक्तवाहिन्यांच्या दोषानं बुद्धी जाते तेव्हा ती अशी झिरपत जात नाही. मेंदूत लहान-मोठे झटके येतात, रक्तवाहिनी तुंबते, तिच्या पुढचा तेवढा भाग मरतो. असे झटके साठत जातात. काही झटके इतके बारीक की हातपायही लुळा पडत नाही. घरच्यांना एवढंच दिसतं की दिवाळीपर्यंत बरी होती आणि मग एकदम बदलली.

पुढच्या वर्षी हचिन्स्कींनी यासाठी खुणांची एक यादी दिली. त्यात दोन गोष्टी अशा आहेत की त्या घरातल्या बाईलाच नीट सांगता येतील. एक, बदल अचानक झाला का? दोन, माणूस उतारावरून घसरल्यासारखा खाली गेला, की जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखा: एकदम एक पायरी खाली, मग काही महिने तसाच, मग आणखी एक पायरी? सोबत रक्तदाब आहे का, आधी लकवा झालाय का, हेही त्या यादीत होतं. मला यातलं मोलाचं वाटतं ते हे: पायरी असेल तर पुढची पायरी थोपवता येण्याची आशा असते. रक्तदाबाची गोळी, साखरेवर ताबा, तंबाखू आणि मिश्री बंद. ‘वय झालं’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

कोणी म्हणेल, लकवा हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार. तसं असतं तर बरं झालं असतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं २०११ ते २०१३ या दोन वर्षांत खेड्यांतल्या मृत्यूंची कारणं घरोघर जाऊन तपासली. डॉ. योगेश्वर काळकोंडे त्या कामात पुढं होते. १,५९९ मृत्यू, त्यातले २२९ लकव्यानं. दर सात मृत्यूंत एक. इतर कोणत्याही एका कारणापेक्षा जास्त. आणि त्यातल्या शंभरातल्या सत्त्याऐंशी जणांनी प्राण सोडला तो घरीच. ही गडचिरोलीची खेडी, जिथं माणसं राबून खातात. जे लकव्यातून वाचतात ते त्याच घरांत, त्याच ओट्यावर पुढची वर्षं काढतात. हात किती उचलतो ते सगळे बघतात. डोकं किती चालतं हे कोण बघतं?

बघायचं तर कागद हवा, आणि कागद तर शाळेचा. या अडचणीशी आपल्या देशात पहिली खरी झटापट झाली ती दिल्लीजवळ हरियाणात, बल्लभगडला. ही गोष्ट मी जरा सावकाश सांगणार आहे.

बल्लभगडचा परिसर म्हणजे आपल्या वाळूजसारखाच म्हणा ना. एका अंगाला फरीदाबादचे कारखाने, दुसऱ्या अंगाला ज्वारी-गव्हाची रानं. दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचं १९६५ पासून तिथल्या २८ गावांत आरोग्याचं काम चाललेलं. १९९० नंतर तिथं भारत आणि अमेरिका मिळून एक अभ्यास सुरू झाला. भारताकडून डॉ. विजय चंद्रा, अमेरिकेच्या पिट्सबर्ग विद्यापीठातून डॉ. मेरी गांगुली. खेड्यात राहणाऱ्या ५५ वर्षांच्या वरच्या माणसांत बुद्धिभ्रंश किती, हे त्यांना बघायचं होतं. एकूण ५,१२६ माणसं. त्यातली शंभरातली त्र्याहत्तर निरक्षर. अमेरिकेचा कागद तसाच हिंदीत उतरवून नेला असता तर निम्मं गाव वेडं ठरलं असतं!

म्हणून त्यांनी कागद उसवला आणि पुन्हा शिवला. प्रत्येक प्रश्नाला विचारलं: तुला नेमकं काय तपासायचंय? तारीख विचारून तपासायचं असतं की माणसाला काळाचं भान आहे का. मग विचारा की आता सकाळ आहे, दुपार आहे की संध्याकाळ? वार कोणता? तिथल्या कालगणनेनं महिना कोणता, तिथी कोणती? आत्याबाईंची चतुर्थी इथं बरोबर धरली गेली असती. मजल्याचा प्रश्न काढून टाकला, गाव आणि गावातला भाग विचारला. शंभरातून सात वजा करण्याऐवजी वीसातून तीन. इंग्रजी शब्दाची स्पेलिंग उलटी सांगा म्हणायचे, त्याऐवजी आठवड्याचे वार उलटे सांगा. लक्षात ठेवायचे तीन शब्द घेतले आंबा, खुर्ची आणि नाणं. कागदावर ‘डोळे मिटा’ असं लिहून वाचायला द्यायचे, त्याऐवजी तपासणाऱ्यानं म्हणायचं, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा, आणि स्वतः डोळे मिटायचे. वाक्य लिहा याऐवजी, तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. पंचकोन गेले आणि त्यांच्या जागी एका चौकोनात दुसरा तिरपा चौकोन आला. इंग्रजीतलं एक तोंडात न बसणारं वाक्य जसंच्या तसं म्हणायचं असायचं, तिथं साधं ‘न यह, न वह’.

वाचताना हे सोपं वाटतं. पण प्रत्येक बदल करताना त्यांना गावात जाऊन बघावं लागलं की प्रश्न कळतो का, फार सोपा तर झाला नाही ना, निरोगी माणसं पण चुकतायत का. १९९५ मध्ये ही हिंदी तपासणी छापून आली. मार्क तेच ३०, पण आता न शिकलेली बाई त्यासमोर ताठ बसू शकत होती.

त्याच मंडळींनी आणखी एक गोष्ट केली, ती मला या कागदाहूनही आवडते. माणसाला प्रश्न विचारायचेच नाहीत, घरच्यांना विचारायचे. पण काय विचारायचं? अमेरिकेतल्या याद्यांत विचारायचे की पेशंटला फोन लावता येतो का, चेकबुक सांभाळता येतं का. बल्लभगडच्या सासूकडे कुठलं चेकबुक? आणि तिथं म्हाताऱ्या माणसाला सून ताट वाढून देते, कपडे धुऊन देते, मग ‘स्वयंपाक करता येतो का’ याचं उत्तर काय द्यायचं? म्हणून त्यांनी गावातलं रोजचं जगणं बघून ११ प्रश्न ठरवले आणि १९९९ मध्ये ते छापले. जेवण झाल्याचं विसरून परत जेवायला मागतात का? गावात वाट चुकतात का? कपड्याची बटणं नीट लावतात का? मोठे सण कधी येतात ते लक्षात राहतं का? कोणाला निरोप सांगायला पाठवलं तर तो पोचतो का? घरात लग्न ठरत असेल तर मत देतात का? शेवटच्या प्रश्नावर मी थबकले होते. सासूनं लग्नाच्या बैठकीत मत देणं सोडलं, तर आपण म्हणतो, शांत झाल्या, बरं झालं. डॉक्टरांच्या लेखी ती एक खूण आहे.

एवढं सगळं झालं, तरी आत्याबाईंचा प्रश्न सुटत नाही. बल्लभगडचा कागद न शिकलेल्या बाईवरचा अन्याय दूर करतो. पण लकव्याची गोष्ट निराळी आहे. ‘मिनी मेंटल’चा भर आठवणीवर. लकव्यानंतर कित्येकदा आठवण शाबूत असते आणि मोडते ती कामाची जुळणी. काय आधी, काय नंतर, एक हातात असताना दुसऱ्यावर लक्ष ठेवणं, बेत बदलला तर नवा बेत करणं. एखाद्या बाईला शंभर ओव्या पाठ असतात, नातवंडांची नावं चुकत नाहीत, पण चहा ठेवायला गेली तर पाणी उकळून आटतं आणि ती साखरेचा डबा हातात घेऊन उभी. घरातले म्हणतात, आळस आलाय, लाडावलीय. तो आळस नव्हे.

हे पकडायला कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या डॉ. झियाद नसरेद्दीन यांनी दुसरा कागद केला. तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. मॉन्ट्रियलच्या नावावरूनच त्याला ‘मोका’ म्हणतात. त्यात घड्याळ काढून अमुक वाजलेत असे काटे दाखवायचे असतात, आकडे आणि अक्षरं आळीपाळीनं रेषेनं जोडायची असतात, एका अक्षरापासून सुरू होणारे जितके सुचतील तितके शब्द मिनिटभरात सांगायचे असतात. २०१० मध्ये इंग्लंडातल्या ऑक्सफर्डच्या डॉ. सारा पेंडलबरी यांनी लकवा किंवा त्याचा छोटा झटका येऊन गेलेल्या ४१३ जणांना दोन्ही कागद दिले. ‘मोका’त २९१ जण कमी पडले. त्यातल्या १६२ जणांना ‘मिनी मेंटल’नं मात्र ठणठणीत ठरवलं होतं. म्हणजे जुना कागद शाळा न शिकलेल्या, पण शहाण्या बाईला नापास करतो, आणि लकव्यानं खरोखर घाव घातलेल्या माणसाला पास करतो. दोन्हीकडून फसवतो.

पण ‘मोका’ म्हणजे आणखीनच शाळा. बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिकलेल्याला एक मार्क वाढवून द्या, एवढीच सवलत. बारावीपर्यंत शिकलेल्याला एक, आणि जी कधीच गेली नाही तिलाही एकच! ही चूक बरीच उशिरा दुरुस्त झाली. थायलंडमध्ये न शिकलेल्या माणसांत तपासून २०१५ मध्ये ‘मोका’ची सोपी तऱ्हा निघाली. तिच्यात अक्षराऐवजी फळांची नावं विचारतात. आणि गणिताचा प्रश्न ऐका: एका वस्तूची किंमत १३ आहे, तुमच्याकडे १, ५ आणि १० चे पैसे आहेत, तर तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी पैसे देऊन दाखवा. गटाचा हिशेब केलेल्या कुठल्याही बाईला हा प्रश्न घाला. यात पाढे लागत नाहीत, पण एक तऱ्हा सोडून दुसरी शोधावी लागते. लकव्यानंतर नेमकं तेच अवघड जातं.

आता हैदराबादला जाऊ या. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होता, तेव्हा हे परकं गाव नव्हे. तिथल्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी लकवा झालेल्या ६०८ माणसांची अशी तपासणी केली, तिथल्या भाषांत नीट बसवून घेतलेल्या प्रश्नांनी. निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आले. एकच भाषा बोलणाऱ्यांत लकव्यानंतर डोकं पूर्ववत राहिलेले शंभरात साधारण वीस. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत साधारण चाळीस. दुप्पट. त्यांचं म्हणणं असं, की एका भाषेतून दुसरीत सतत ये-जा करताना मेंदूला जी कसरत होते ती लकव्याच्या वेळी कामी येत असावी. एका अभ्यासावरून पक्कं काही म्हणू नये. पण आपल्याकडे बघा. आपल्या बायका घरात मराठी बोलतात, शेजारच्या आपाशी दखनी, रांजणगावच्या चाळीतल्या भाडेकरूशी हिंदी, तांड्यावरच्या मैत्रिणी गोरमाटी बोलून लगेच मराठीवर येतात. शाळेच्या दाखल्यावर यातलं काहीच नसतं. तपासणाऱ्या डॉक्टरांना ‘शिक्षण: शून्य’ एवढंच दिसतं.

भाषेचा आणखी एक मुद्दा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, आपल्या देशातल्या माणसांसाठी तपासण्यांचा एक संच तयार करवून घेतला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. काम चांगलंच आहे, पण त्या पहिल्या पाचांत मराठी नव्हती. त्याच सुमाराला, २०१७ ते २०२० मध्ये, साठीच्या पुढच्या माणसांची देशभर मोठी पाहणी झाली. तिच्यात बल्लभगडची तीच हिंदी तपासणी वेगवेगळ्या भाषांत नेऊन वापरली. तिचा अंदाज असा निघाला की साठीच्या पुढच्या शंभरात सात-आठ जणांना बुद्धिभ्रंश आहे, बायकांत नऊ, पुरुषांत सहाच्या आत. खेड्यात शहरापेक्षा जास्त. बायकांची शाळा हुकली ती तिथंही त्यांच्या मागं लागलेली दिसते.

आता आत्याबाईंकडे येते. आम्ही त्यांना परत नेलं, दुसऱ्या दवाखान्यात, तिथं एक मराठी बोलणाऱ्या बाई तपासायला होत्या. जाताना सुनेनं चार गोष्टी केल्या, त्या सांगते, कारण तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली तर उपयोगी पडतील. आत्याबाईंचा चष्मा सोबत घेतला, पहिल्या वेळी तो घरीच राहिला होता. आत गेल्याबरोबर सांगितलं की त्या शाळेत गेलेल्या नाहीत, आणि डावा हात लुळा आहे. प्रश्न विचारताना मधे उत्तर दिलं नाही. हे सगळ्यात जड गेलं, पहिल्या वेळी धाकट्या मुलानं निम्मी उत्तरं स्वतःच दिली होती. आणि लकव्यापासून घरात काय काय बदललं ते आधीच मनाशी जुळवून नेलं होतं, कोणत्या महिन्यापासून, अचानक की हळूहळू. लकवा होऊन थोडेच दिवस झाले असतील तर एकाच तपासणीवर शिक्का मारून घेऊ नका, काही महिन्यांनी परत करायला सांगा. सुरुवातीचा गोंधळ पुष्कळदा ओसरतो. आणि कोणाची वाचाच गेली असेल तर ते आधी सांगा, कारण तोंडी प्रश्नांवर त्याला शून्य मिळणारच. मन खचलं असेल, झोप लागत नसेल, तेही सांगा. उदास माणूस पण मार्क कमी पाडतो.

त्या बाईंनी वार विचारला, महिना विचारला, आंबा, खुर्ची, नाणं लक्षात ठेवायला सांगितलं. आत्याबाईंनी तिन्ही परत सांगितले, वर ‘नाणं कितीचं?’ असंही विचारलं. वार उलटे म्हणताना मात्र त्या शुक्रवारी अडकल्या. मग तेरा रुपयांचा प्रश्न आला. दहा आणि तीन एकेक, ही एक तऱ्हा चट सांगितली. दुसरी सुचेना. ज्या बाईनं बारा वर्षं गटाची चिल्लर मोजली, तिला दुसरी तऱ्हा सुचत नव्हती. त्या स्वतःच चपापल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली.

तर मार्क कागदावर दुप्पट झाले नाहीत. पण काय मोडलंय आणि काय शाबूत आहे, हे कळलं. बाईंनी सांगितलं, आठवण चांगली आहे, माणसांची ओळख पक्की, बरं-वाईट कळतं. पैशांचा गुंतागुंतीचा हिशेब आणि गॅसवरची कामं एकटीवर सोडू नका. रक्तदाब महिन्याला मोजा, गोळी चुकवू नका.

गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडला. आत्याबाई सभासद राहिल्या. पासबुकाचा हिशेब आता सून सोबत बसून करते, अंगठा त्याच करतात. कर्ज कोणाला द्यायचं यावर त्यांचं मत विचारलं जातं, आणि त्या देतात, पूर्वीसारखंच तिखट. कपाटाची किल्ली परत मिळायला मात्र पोळा उजाडला.